दोन डोळे दोन जागी, तरी वस्तू एकाच दिशेला कशी दिसते?

फोंड्याहून एका बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील साठी ओलांडलेले, बरीच वर्षं मधुमेह. काही आठवड्यांपूर्वी एका सकाळी उठले तर एकाच्या जागी दोन दिसू लागलं. तपासणीत निघालं की उजवा डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी सहावी नस अधू झाली आहे. एमआरआय साफ आला, डॉक्टरांनी साखर सांभाळा आणि वाट पाहा असं सांगितलं. कमजोर डोळ्याला व्यायाम व्हावा म्हणून घरच्यांनी डावा, म्हणजे चांगला डोळा झाकून ठेवला. दोन दिसणं थांबलं. पण आता बाबा चहाचा कप घ्यायला गेले की हात कपाच्या उजवीकडे पडतो. उजव्या डोळ्याची नजर तर स्वच्छ, तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतात. मग हात का चुकतो? आणि त्यावरून सुचलेला दुसरा प्रश्न: निरोगी माणसाचेसुद्धा दोन डोळे दोन वेगळ्या जागी असतात, मग वस्तू एकाच दिशेला कशी दिसते, आणि ती दिशा नेमकी कोणत्या डोळ्याची?

आधी कामाचं सांगतो. झाकणी उलटी करा: उजवा डोळा झाका, डावा मोकळा ठेवा. मोठ्या माणसाचा डोळा काही आठवडे झाकल्याने मंद होत नाही, ती भीती लहान मुलांच्या बाबतीत खरी. आणि अधू नसेला जबरदस्तीने राबवून ती लवकर सुधारते असंही काही नाही. हात चुकायचा थांबेल. का थांबेल, हे सांगायला मात्र तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करावी लागेल, कारण दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. दिशा ही कुठल्याच एका डोळ्याची नसते. ती दोघांच्या मधून मोजली जाते, आणि जो डोळा झाकलेला आहे त्याचाही त्या मोजणीत वाटा असतो.

यातला पहिला भाग तुम्ही घरी खिडकीत उभं राहून पाहू शकता. हा प्रयोग एव्हाल्ड हेरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाचा, एकोणिसाव्या शतकातला. पणजीत कांपालच्या बाजूला नदीकडे तोंड असलेली खिडकी मिळाली तर उत्तमच. नाहीतर लांबवर दोन ठळक खुणा दिसतील अशी कुठलीही खिडकी चालेल. काचेपासून साधारण अर्धा मीटर अंतरावर उभे राहा, डोकं हलवू नका. नाकासमोर काचेवर स्केचपेनने एक ठिपका काढा. डावा डोळा मिटून उजव्याने ठिपक्याकडे पाहा, आणि ठिपक्याच्या मागे लांब काय आहे ते लक्षात ठेवा. समजा, रेइश मागुशच्या किल्ल्याचा बुरूज आहे. आता उजवा मिटा, डाव्याने त्याच ठिपक्याकडे पाहा. मागे दुसरंच काहीतरी येईल, बुरुजाच्या बरंच उजवीकडे, वेऱ्याच्या बाजूचा एखादा मोबाइलचा मनोरा म्हणा. डोळ्यांमधलं अंतर सहा-साडेसहा सेंटीमीटर, काच अर्ध्या मीटरवर, म्हणजे दोन रेषांमध्ये सुमारे 7 अंशांचा फरक. एक किलोमीटरवर हा फरक सव्वाशे मीटरच्या आसपास जातो. मनोरा आणि बुरूज खरोखरच एवढे लांब-लांब आहेत.

आता दोन्ही डोळे उघडा आणि ठिपक्यावरच नजर ठेवा. ठिपका एकच दिसतो, बरोबर नाकासमोर. आणि बुरूज? तोही नाकासमोर. मनोराही नाकासमोर. दोन्ही एकमेकांवर चढल्यासारखे, कधी हा ठळक तर कधी तो. (दोघांच्या आणखी एकेक फिकट आवृत्त्या आजूबाजूला तरंगतात, त्यांच्याकडे सध्या दुर्लक्ष करा.) जमिनीवर सव्वाशे मीटर अंतर असलेल्या दोन गोष्टी तुम्हाला एकाच दिशेला दिसताहेत. आणि ती दिशा ना उजव्या डोळ्याची आहे, ना डाव्या. दोघांच्या मधोमध, नाकाच्या मुळाशी एकच डोळा असता तर त्याला ठिपका ज्या दिशेला दिसला असता, ती ही दिशा. शास्त्रात त्या मधल्या जागेला ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसावरून सायक्लोपियन डोळा म्हणतात. आपल्याकडे कुणाला लगेच तिसरा डोळा आठवेल, पण तो कपाळावर असतो. हा खाली, दोन्ही डोळ्यांच्या रेषेत असतो, आणि तिथे शरीरातला कोणताही अवयव नसतो. ती फक्त दिशा मोजायची जागा आहे.

हेरिंगच्या आधी, 1792 मध्ये, विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्याने जवळपास हेच सांगितलं होतं. हा माणूस पुढे दव कसं पडतं यावरच्या निबंधासाठी जास्त ओळखला गेला आणि डोळ्यांवरचं त्याचं काम मागे पडलं. त्याच्याही आधी, अकराव्या शतकात, इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञाने नाकासाठी खाच कापलेली फळी तोंडाशी धरून तिच्यावरच्या रंगीत रेषा दोन डोळ्यांनी कशा दिसतात हे तपासलं होतं. उपकरण काहीच नाही, फळी आणि रंग. या विषयातले निम्मे प्रयोग आजही असेच घरगुती आहेत, म्हणून मला हा विषय आवडतो.

बुरूज आणि मनोरा एकत्र का आले? प्रत्येक डोळ्याच्या दृष्टिपटलावरच्या प्रत्येक जागेला जणू स्वतःची एक दिशा ठरलेली असते. मध्यभागच्या बारीक खळग्याची, फोव्हियाची, दिशा म्हणजे ‘मी पाहतोय तिथेच’. त्याच्या नाकाकडच्या बाजूला प्रतिमा पडली तर वस्तू बाहेरच्या बाजूला आहे असं वाटतं, कानाकडच्या बाजूला पडली तर आतल्या बाजूला. उजव्या डोळ्याच्या प्रत्येक जागेला डाव्यात एक जोडीदार असतो, आणि दोघांची दिशा एकच असते. दोन्ही फोव्हिया ही त्यातली सर्वांत महत्त्वाची जोडी. उजव्याच्या फोव्हियावर बुरूज आहे, डाव्याच्या फोव्हियावर मनोरा. जोडी एक, म्हणून दिशा एक. बाहेर वस्तू किती लांब-लांब आहेत याच्याशी तिला देणंघेणं नाही.

तळहाताला भोक पाडायचा जो खेळ शाळेत सगळ्यांनी केलेला असतो तोही हाच. कागदाची सुरळी उजव्या डोळ्याला लावायची, डावा तळहात सुरळीला चिकटवून डाव्या डोळ्यासमोर धरायचा, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून लांब बघायचं. तळहाताच्या मधोमध गोल भोक दिसतं आणि त्यातून पलीकडचा माड. मुलांना हा खेळ गंमत म्हणून दाखवतात; मी पेशंटना दाखवतो, कारण दोन मिनिटांत समजतं की कोणत्या डोळ्याने काय पाहिलं ही माहिती मेंदू आपल्यापर्यंत पोचवतच नाही. आपल्याला फक्त दिशा कळते.

जोडीदार जागांवर अगदी काटेकोरपणे प्रतिमा पडल्या तरच एक दिसेल, असा कडक नियम मात्र नाही. थोडी ढिलाई चालते. डॅनिश शास्त्रज्ञ पानुमने 1858 मध्ये हे दाखवलं, म्हणून त्या ढिलाईच्या पट्ट्याला त्याचं नाव आहे. नजरेच्या मध्याशी हा पट्टा फार चिंचोळा, कडेला रुंद होत जातो. पट्ट्याच्या आत दोन प्रतिमा किंचित वेगळ्या असल्या तर मेंदू त्या एकत्र करतो, त्या फरकातून खोली, म्हणजे वस्तू किती जवळ की लांब ते, काढतो, आणि दिशा? दिशा दोघांची सरासरी. एका डोळ्याला वस्तू अर्धा अंश डावीकडे आणि दुसऱ्याला नाकासमोर वाटत असेल तर तुम्हाला ती पाव अंश डावीकडे दिसेल. दोन्ही प्रतिमा सारख्याच स्पष्ट असतील तर मधोमध. एकीचा उठाव कमी असेल, तर दिशा ठळक प्रतिमेकडे सरकते. मॅन्सफिल्ड आणि लेग या संशोधकांनी 1996 मध्ये हे मोजून दाखवलं.

पट्ट्याच्या बाहेर गेलं की वस्तू दोन दिसतात, आणि हे निरोगी डोळ्यांतही सतत होत असतं. नाकासमोर बोट धरा आणि लांबच्या माडाकडे पाहा, बोटं दोन दिसतील. त्यातलं उजवीकडचं बोट डाव्या डोळ्याचं, डावीकडचं उजव्याचं. एकेक डोळा मिटून खात्री करा. कॅरम खेळताना सोंगटीकडे नजर लावली की अलीकडचा स्ट्रायकर खरं तर दोन दिसत असतो. खेळणाऱ्याला ते जाणवत नाही कारण लक्ष सोंगटीवर असतं. सुतार फळीची धार सरळ आहे का पाहताना एक डोळा मिटतो तो याचसाठी. धारेचं जवळचं टोक आणि लांबचं टोक दोन डोळ्यांनी एका रेषेत आणताच येत नाहीत, एक टोक दोन होतं.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो फार पसरलेला आहे. बोट आणि लांबची खूण एका रेषेत धरून ‘प्रमुख डोळा’ शोधायची चाचणी सगळ्यांना माहीत असते. इटलीच्या पोर्ताने ती 1593 मध्ये लिहून ठेवली आहे. तिच्यावरून लोक समजतात की दिशा त्या प्रमुख डोळ्यावरूनच ठरते. तसं नाही. दोन बोटं दिसत असताना तुम्हाला त्यातलं एक निवडावंच लागतं, आणि बहुतेक जण बहुतेक वेळा उजव्या डोळ्याचं निवडतात, एवढाच त्या चाचणीचा अर्थ. नजर डावीकडे किंवा उजवीकडे बरीच नेली तर हीच निवड पुष्कळ लोकांत बदलते. दीड-दोन वर्षांच्या मुलाला कागदाची सुरळी देऊन ‘यातून बघ’ म्हणा: बरीचशी मुलं ती कोणत्याच डोळ्याला लावत नाहीत, थेट नाकाच्या मुळावर दोन डोळ्यांच्या मधे लावतात. मग काही दिसत नाही म्हणून चिडतात. त्यांचा हिशेब बरोबर असतो, फक्त तिथे डोळा नसतो. थोडं वय वाढलं की सुरळी बाजूला सरकवायचं ती अनुभवाने शिकतात.

आतापर्यंत जे सांगितलं ते नजर समोर स्थिर असताना. पण डोळे तर सतत फिरतात. फोव्हियावर पडलेल्या वस्तूची दिशा ‘मी पाहतोय तिथे’ एवढीच असेल, तर मी कुठे पाहतोय हे कुठून कळतं? तुमच्या बाबांचा हात चुकतो तो नेमका या जागी.

सोपं उत्तर असं वाटेल की डोळा कुठे वळलाय हे डोळ्याचे स्नायू मेंदूला कळवत असतील. तशी थोडी खबर येते, पण तिचं वजन कमी. मुख्य हिशेब उलट बाजूने होतो. मेंदू डोळ्याला ‘इतकं उजवीकडे वळ’ असा हुकूम सोडतो, आणि त्याच हुकमाची एक प्रत दिशा मोजणाऱ्या भागांकडे जाते. डोळा खरंच तेवढा वळला का, हे बघायला कुणी थांबत नाही. सरकारी खात्यात बदलीचा आदेश निघाला की नोंदवहीत माणूस नव्या जागी रुजू झाल्याचं लिहून मोकळं व्हावं, प्रत्यक्षात तो घरीच बसलेला असो, तसं. 1950 मध्ये जर्मनीत फोन होल्स्ट आणि मिटेलश्टेट, आणि अमेरिकेत रॉजर स्पेरी, यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे या प्रतीची कल्पना मांडली. पण मूळ निरीक्षण त्याहून कितीतरी जुनं आहे. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1860च्या दशकात आपल्या ग्रंथात ते लिहिलं, आणि पुरावा म्हणून त्याने दिले ते तुमच्या बाबांसारखेच, डोळ्याची नस अधू झालेले रुग्ण.

त्याचाच एक प्रयोग तुम्ही करू शकता. (काचबिंदू असेल किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर करू नका.) डावा डोळा झाका. उजव्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी पापणीवरून बोटाने अगदी हलका दाब द्या. समोरची भिंत सरकेल. आता बोट काढून तोच डोळा स्वतः इकडून तिकडे फिरवा. भिंत जागच्या जागी राहते, खरं तर दृष्टिपटलावर तिची प्रतिमा आता कितीतरी जास्त सरकली. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी हुकूम होता, त्याची प्रत होती, आणि मेंदूने प्रतिमेचं सरकणं त्यातून वजा केलं. बोटाने ढकललं तेव्हा हुकूम नव्हता, म्हणून सगळं सरकणं भिंतीच्या नावावर पडलं.

आता बाबांचा उजवा डोळा घ्या. सहावी नस डोळा बाहेर, म्हणजे उजवीकडे ओढणाऱ्या स्नायूला चालवते. ती अधू, म्हणून डोळा स्वस्थ असताना आत, नाकाकडे झुकलेला. डावा डोळा झाकलाय आणि कप समोर आहे. उजव्याने कप फोव्हियावर आणायचा तर डोळा आतून सरळ समोर यायला हवा. एरवी ‘समोर पाहा’ एवढ्या हुकमाने भागलं असतं. आता तेवढ्यासाठी मेंदूला ‘चांगलं उजवीकडे वळ’ असा जोरदार हुकूम सोडावा लागतो. अधू स्नायू कसाबसा डोळा समोर आणून सोडतो. कप फोव्हियावर येतो, अगदी स्पष्ट. म्हणूनच अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतात. पण नोंदवहीत लिहिलं गेलं की डोळा उजवीकडे वळला आहे. म्हणजे कप उजवीकडे आहे. हात उजवीकडे जातो.

कप आणखी उजवीकडे ठेवून पाहा, चूक वाढेल. डावीकडे ठेवा, कमी होईल किंवा नाहीशी होईल, कारण डावीकडे पाहताना त्या स्नायूचं कामच नसतं. आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल: हात सावकाश नेला तर ते शेवटी कपापर्यंत पोचतात. हात नजरेत आला की कप आणि हात दोघांची प्रतिमा एकाच दृष्टिपटलावर असते, तिथे चूक दुरुस्त होते. म्हणून आम्ही तपासताना हनुवटीखाली पुठ्ठा धरतो, पेशंटला स्वतःचा हात दिसू देत नाही, आणि झटकन बोट दाखवायला सांगतो. सावकाश केलं तर चाचणी फुकट.

आता यात झाकलेला डोळा कुठे आला? तोही आहे. डोळे फिरवायचा हुकूम दोन डोळ्यांना वेगळा जात नाही. हा हेरिंगचाच दुसरा नियम: जोडीला हुकूम सारखाच मिळतो. उजव्याला जोरात उजवीकडे ढकललं की तेवढाच जोर झाकणीखालच्या डाव्या डोळ्यालाही मिळतो, आणि त्याचे स्नायू तर धडधाकट. तो उजवीकडे, म्हणजे नाकाकडे, खूपच आत जातो. झाकणी पटकन काढली तर तुम्हाला दिसेल की चांगला डोळाच जास्त तिरळा झालाय. घरचे लोक हे पाहून घाबरतात, दुसराही डोळा गेला म्हणतात. गेलेला नाही, त्याने हुकूम पाळला.

झाकलेल्या डोळ्याचं मत निरोगी माणसातही दिसतं. डावा डोळा झाका आणि उजव्याने लांबच्या माडाच्या शेंड्याकडे पाहा. आता शेंड्याच्या खालोखाल, त्याच रेषेत, जवळ बोट आणा आणि माडाऐवजी बोटावर नजर जुळवा. उजवा डोळा तिळभरही फिरायला नको, कारण दोन्ही वस्तू त्याच्या एकाच रेषेत आहेत. तरी माड आणि बोट दोन्ही किंचित उजवीकडे सरकल्यासारखं वाटतं. काहींना लगेच जाणवतं, काहींना दोन-तीनदा करावं लागतं. जवळ पाहायला लागल्याबरोबर झाकणीखालचा डावा डोळा आत वळला, दोन डोळ्यांच्या हुकमांची सरासरी उजवीकडे सरकली, आणि दिशा त्या सरासरीवरून मोजली गेली. जो डोळा काहीच पाहत नव्हता त्याने दिशा बदलली. आणि बोट खरोखरच तुमच्या नाकाच्या उजवीकडे आहे, त्यामुळे मेंदू चुकत नाहीये. दोन डोळे मिळून एकाच बाजूला किती वळले यातून दिशा निघते, आणि एकमेकांकडे किती वळले यातून अंतराचा अंदाज.

हे माहीत असलं की दोन्ही डोळे उघडे असताना बाबांना काय दिसत होतं तेही उलगडतं. डावा डोळा कपावर, उजवा आत झुकलेला. उजव्यात कपाची प्रतिमा फोव्हियाच्या नाकाकडच्या बाजूला पडते, आणि त्या जागेची ठरलेली दिशा आहे उजवीकडची. म्हणून खऱ्या कपाच्या उजवीकडे दुसरा, जरा अंधुक कप. आमच्याकडे येऊन पेशंट कोकणीत सांगतात, ‘दोतोर, म्हाका एकाचीं दोन दिसतात’, तेव्हा पहिली गोष्ट मी उजव्या डोळ्यावर लाल काच धरून बॅटरीचा दिवा दाखवतो. लाल दिवा उजवीकडे दिसला की डोळा आत झुकलेला, डावीकडे दिसला की बाहेर. महागडं यंत्र लागत नाही. दिवा उजवीकडे नेल्यावर दोन दिव्यांमधलं अंतर वाढतं का, लांब पाहताना जवळपेक्षा जास्त वाढतं का, एवढं विचारलं की सहाव्या नसेचा संशय जवळपास पक्का होतो. बाबा हल्ली मान उजवीकडे वळवून बसत असतील तर त्याचंही कारण हेच. तोंड उजवीकडे केलं की समोरचं पाहायला डोळे डावीकडे राहतात आणि अधू स्नायूला काम उरत नाही. मान दुखत नसेल तर टोकू नका.

लहानपणापासून तिरळे असलेल्यांना मात्र दोन दिसत नाही, हात चुकत नाही. ‘मग यांनाच का?’ असं तुम्ही विचाराल. कारण मुलाचा मेंदू वाकवता येतो. तो तिरळ्या डोळ्याची प्रतिमा दाबून टाकतो, किंवा त्याच्या दृष्टिपटलावर दिशांची नवी जुळणी करतो: फोव्हियाऐवजी बाजूची एखादी जागा दुसऱ्या डोळ्याच्या फोव्हियाची जोडीदार होते. किंमत अशी की दाबलेला डोळा मंद होऊ शकतो आणि दोन डोळ्यांनी मिळून कळणारी खोली हातची जाते. तिरळेपणा भाग्याचा म्हणून मूल मोठं होईपर्यंत थांबणारी घरं अजून भेटतात, त्यांना माझा हात जोडून विरोध आहे. नवी जुळणी मुरलेल्या माणसाचं मोठेपणी ऑपरेशन केलं तर डोळे आरशात सरळ, आणि तरी काही दिवस त्याला दोन दिसतं. तेही उलट्या बाजूला, कारण त्याचा दिशांचा नकाशा अजून जुन्या तिरळेपणाचाच असतो. लहानपणी एक डोळा गमावलेल्यांत तर दिशा मोजायची ती मधली जागाच उरलेल्या डोळ्याकडे सरकलेली आढळते.

साठीतला मेंदूही अगदीच अडेल नसतो. उजव्या डोळ्यावरच काम चालवलं असतं तर काही दिवसांत हात सुधारत गेला असता, जसा प्रिझमचा, म्हणजे समोरचं दृश्य एका बाजूला सरकवणाऱ्या काचांचा, चष्मा घालून वावरणाऱ्याचा सुधारतो. पण मग नस बरी व्हायला लागली की तो हिशेब परत उलटा फिरवायचा. मधुमेहातल्या या प्रकारात नस बहुधा तीन महिन्यांत, क्वचित सहापर्यंत, आपोआप सुधारते. तेवढ्यासाठी ही कसरत कशाला? डाव्या डोळ्याला हुकूम जेवढा, वळणं तेवढं. त्याने पाहिलं की नोंद आणि डोळा जुळतात, आणि उजव्याला जोर लावायची गरज राहत नाही.

उजव्या डोळ्यासाठी काळी पट्टी नको असेल तर चष्म्याच्या उजव्या काचेवर आतून धुरकट चिकटपट्टी लावा. उजेड येतो, प्रतिमा येत नाही, आणि लोक विचारत नाहीत. फक्त उजवीकडे पाहतानाच दोन दिसत असेल तर काचेच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर लावून पाहा. घरात समोर बघताना दोन्ही डोळे वापरायचे असतील तर तात्पुरता चिकटवायचा प्रिझम मिळतो. एक प्रिझम डायॉप्टर म्हणजे एका मीटरवर एक सेंटीमीटर सरकवणं. तुमच्याकडच्या ऑर्थोप्टिस्टने, म्हणजे डोळ्यांची जुळणी तपासणाऱ्या तज्ज्ञाने, सरळ नजरेतली दोन डोळ्यांमधली तफावत मोजली की किती हवा ते कळतं. पण तफावत दर दिशेला वेगळी असल्याने प्रिझम फक्त समोरचं जुळवतो, कडेचं नाही. आणि नस सुधारत जाईल तसा तो बदलावा लागतो, म्हणून आत्ता कायमचा चष्मा करून पैसे घालवू नका.

स्कूटर बंद. तुम्ही विचारलं नाहीत, पण फोंड्यातल्या माणसाचं पणजीला काम निघतंच. बाणस्तारीच्या पुलावर समोरून येणारा दिवा एक की दोन, आणि कोणता खरा, हे ठरवायला वेळ नसतो. एक डोळा झाकून चालवतो म्हणाले तरी नाही: झाकणीच्या बाजूचा रस्ता दिसत नाही, आणि नव्याने एका डोळ्यावर आलेल्या माणसाला अंतराचा अंदाज बसायला वेळ लागतो. जिना उतरताना, विळीवर बसताना, उकळतं काही ओतताना हीच काळजी.

मधल्या काळात पापणी पडू लागली, बाहुली मोठी दिसली, हातापायात अशक्तपणा किंवा बोलण्यात अडखळणं आलं, तीव्र डोकेदुखी सुरू झाली, किंवा चावताना जबडा आणि कपाळाची बाजू दुखू लागली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. 108 बोलवा किंवा थेट बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आपत्कालीन विभागात न्या. तसं काही नसेल तर दर महिन्याला तफावत मोजून घ्या आणि आकडा वहीत लिहून ठेवा. तीन महिन्यांत आकडा खाली आला नाही, तर पुन्हा तपासण्या कराव्या लागतील. ऑपरेशनचा विचार सहसा त्याही नंतर, आकडा सहा महिने एका जागी थांबला तर.